बाविसावं मिनिट

उन्हाळ्याच्या सुट्टीला अजून दीड महिना होता, तेव्हाच आमच्या फ्रीजवर एक कागद चिकटला. सातशे चाळीस किलोमीटर, तेरा तास, चार थांबे. पहाटे साडेपाचला निघायचं, सव्वाआठला नाश्ता, साडेबाराला जेवण, संध्याकाळी साडेसहाला ताईच्या दारात. अक्षर नवऱ्याचं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. खालचा मजला, वरचा मजला आणि मधले सेकंद, एवढाच हिशोब त्याला आयुष्यभर पुरलाय. त्यात आमची सव्वादोन वर्षांची भिंगरी कुठे बसवायची, हे मात्र कागदावर नव्हतं.

कारण भिंगरी गाडीत बाविसाव्या मिनिटाला भोकाड पसरायची.

बावीस हा आकडा मी उगाच सांगत नाही. मी कापडाच्या प्रयोगशाळेत काम करते. रंग किती धुण्यांनंतर उतरतो, उन्हात किती दिवसांनी विटतो, हे तपासायचं आणि लिहून ठेवायचं. घड्याळ बघायची खोड तिथलीच. पोरगी गाडीत बसताना खूश असायची, बेबी सीटचा पट्टा स्वतः ओढायची, "चल चल" म्हणायची. मग वीस मिनिटांच्या पुढे कधीतरी एकदम तोंड वाकडं करायची आणि असा सूर लावायची की पुढच्या सिग्नलवरचे लोक काचेतून आत डोकवायचे. कडेवर घेऊन खाली उतरवलं की पाच मिनिटांत गप्प. पुन्हा बसवलं की पुन्हा तेच. बावीस मिनिटांत ताईचं घर येणार नव्हतं.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. डोंगरावरच्या एका गावात हवामान केंद्रात नोकरी करते. रोज ठरलेल्या वेळी बाहेर जाऊन तापमान, वारा, पाऊस यांच्या नोंदी घेते. सात वर्षांपूर्वी ती तिकडे गेली. सासूबाई, म्हणजे माई, दोनदा जाऊन आल्या. सासरे, म्हणजे आप्पा, एकदाही गेले नाहीत. ताईचा फोन आला की शेवटी एक प्रश्न ठरलेला असायचा.

"आप्पा येतायत का या वेळी?"

"विचारते," मी म्हणायचे.

"राहू दे. मला माहितीये."

तिच्या आवाजात राग नसायचा, आणि तेच जास्त लागायचं.

गंमत म्हणजे आप्पा बत्तीस वर्षं बस चालवत होते. ज्या रस्त्याने आम्हाला जायचं होतं, त्यातला अर्धा त्यांना तळहातासारखा पाठ. नवऱ्याने कागद दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा न लावताच मान हलवली. जेवणाच्या टेबलावर बोट फिरवत म्हणाले, "हे इथे साडेबाराला पोचशील, पण सावली नाही मिळायची. त्याच्या अलीकडे सात किलोमीटरवर चिंचेची झाडं आहेत, ओळीने. तिथे थांब. आणि घाट दुपारी नको. उन्हात इंजिन तापतं आणि माणसंही."

"मग तुम्हीच चला ना," मी म्हटलं.

"मी?" त्यांनी बोट टेबलावरून उचललं. "नळवाला यायचाय."

"दीड महिन्यानंतर?"

"त्याचा काय नेम!" असं म्हणून ते उठले आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आप्पांचं हे असंच, हे घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. माणूस प्रेमळ, पण कुठे येणार नाही. लग्नं, बारशी, सहली, सगळीकडे माई एकट्या. "जन्मभर गाडीत बसून कंटाळले असतील," असं लोक म्हणायचे. माई काहीच म्हणायच्या नाहीत.

तर प्रश्न भिंगरीचा होता, आणि तो सोडवायला प्रत्येकाकडे उत्तर होतं. माईंचं म्हणणं, पट्टा काचतो. नवऱ्याचं म्हणणं, तिला कंटाळा येतो, खेळणी वाढवा. शेजारच्या शिवणवाल्या मावशींचं म्हणणं, पोरगी हट्टी आहे, आईवर गेली आहे. मी डॉक्टरांनाही विचारलं. "गाडी लागत असेल का हिला?"

"उलटी करते?"

"एकदाही नाही."

"मग तसं वाटत नाही. इतकी लहान मुलं सहसा तक्रार करत नाहीत. पण लक्ष ठेवा."

मलाही ते पटलं. ही पोरगी घरात दोन्ही हात पसरून स्वतःभोवती गरागरा फिरते, पडते, हसते आणि उठून परत फिरते. भिंगरी हे नाव त्यावरूनच पडलं. तिला गाडी कशी लागेल?

मग मी ठरवलं, प्रयोगशाळेत करतो तसं करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहायचं. गावाबाहेर तलावाला वळसा घालून परत येणारा एक रस्ता आहे, बरोबर चाळीस मिनिटांचा. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी आणि नवरा तिला घेऊन निघायचो. पहिल्या दिवशी काचेला पडदा लावला. तेवीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी बूट काढले. एकवीस. तिसऱ्या दिवशी तिची आवडती गाणी लावली. बावीस, आणि वर गाण्यांचा गोंगाट. चौथ्या दिवशी नवऱ्याने तीन नवी खेळणी आणि एक चित्रांचं पुस्तक दिलं. पंधरा!

"खेळणी दिल्यावर लवकर रडली?" नवरा चक्रावला. "उलटंच झालं की."

"पुस्तक बघत होती," मी म्हटलं आणि लिहून ठेवलं. कळलं काहीच नाही.

पाचव्या दिवशी फाटकावर अडकलो. मालगाडी मध्येच उभी राहिली होती. पंचवीस मिनिटं आम्ही एका जागी, ऊन चढलेलं, गाडीत गरम. मी घड्याळाकडे बघत कानांची तयारी करून बसले होते. भिंगरी मात्र डबे मोजत होती. तिला तीनपर्यंतच येतं, त्यामुळे मालगाडीला एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे कितीतरी वेळा तीन डबे निघाले. रडली नाही. फाटक उघडलं, आम्ही निघालो आणि बारा मिनिटांनी सुरू.

त्या दिवशी मी कामावर सगळा वेळ हाच विचार करत होते. उकाडा नाही, पट्टा नाही, कंटाळाही नाही, कारण कंटाळायला फाटकासारखी दुसरी जागा नाही. मग चालत्या गाडीत असं काय आहे जे उभ्या गाडीत नाही? उत्तर इतकं नाकासमोर होतं, पण डॉक्टरांनी "उलटी?" विचारलं होतं आणि मी "नाही" म्हटलं होतं. एकदा पुसलेली शक्यता परत लिहायला मन तयार होत नाही.

शनिवारी नवऱ्याला सकाळी सातलाच फोन आला. एका दवाखान्याची लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली होती. तो हत्यारांची पेटी घेऊन पळाला. मला प्रयोग चुकवायचा नव्हता. आज सीटची जागा बदलून बघायची होती, पण गाडी चालवता चालवता मागे वळून बघता येत नाही. बघणारं कुणीतरी हवं होतं. माईंचा गुडघा धरलेला. राहिले आप्पा.

"आप्पा, अर्धा तास चला ना. मागे बसून नुसतं तिच्याकडे बघायचंय."

ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. नळवाला कुठेच दिसत नव्हता.

"मी चालवतो," ते म्हणाले. "तू मागे बस. आईनेच बघावं."

मला काय, चालेल. वय सहासष्ट, पण नजर चोख आणि हात तर विचारायलाच नको. आप्पा गाडी चालवतात तेव्हा कपात भरलेला चहा सांडत नाही. मी भिंगरीशेजारी मागे बसले. आता मलाच जवळून बघता येणार होतं, म्हणून सीट आज तरी नेहमीच्याच जागी ठेवली, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या मागे. तलावाचा रस्ता लागला. ती मजेत होती. म्हैस दिसली, ट्रक दिसला, पुन्हा म्हैस दिसली. मी घड्याळ बघत होते. अठराव्या मिनिटाला आप्पांनी आरशात बघितलं आणि एकदम म्हणाले, "थांबतो."

"का? ती रडत नाहीये."

"रडेल आता."

त्यांनी एका झाडाखाली गाडी लावली, उतरले, मागचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि तिला उचलून बाहेर घेतलं. तोंडावरून ओला रुमाल फिरवला आणि तिला वाऱ्याकडे तोंड करून उभं केलं. भिंगरी गप्प उभी राहिली. मोठा श्वास घेतला, मग वाकून खडे वेचायला लागली. रडणं नाहीच.

मी बघतच राहिले. तीन आठवडे मी डोकं फोडून घेत होते आणि या माणसाने आरशात एक नजर टाकून चार मिनिटं आधी ओळखलं होतं.

"कसं कळलं तुम्हाला?"

"जांभया देत होती. तीन दिल्या. आणि आवंढा गिळत होती."

"मी शेजारी बसून मला नाही दिसलं!"

"तू रडायची वाट बघत होतीस." ते दुसरीकडे बघत म्हणाले. "बत्तीस वर्षं आरशात माणसं बघितलीत गं. कळतं."

उत्तर बरोबर होतं, तरी मला कुठेतरी टोचलं. बसच्या आरशात पन्नास माणसं दिसतात. त्यातल्या एकाच्या आवंढ्यापर्यंत कोण बघत बसतं? पण ते पुढे विचारायला जागा मिळाली नाही, कारण तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि बाजूच्या शेतातली धूळ आप्पांच्या डोळ्यात गेली. पाणी मारलं, चोळला, डोळा टोमॅटोसारखा लाल. उघडेचना.

"असं नाही चालवता येणार," मी म्हटलं. "मी चालवते. तुम्ही मागे बसा तिच्याजवळ."

"पुढे बसतो."

"मग ती एकटी राहील. आता कुठे सावरलीये. वीस मिनिटांचा तर रस्ता आहे, आप्पा."

ते उभेच राहिले. एका हाताने डोळा झाकलेला, दुसरा हात गाडीच्या छतावर. दवाखान्यात जाण्याआधी पोरं अडून बसतात तसा चेहरा. मग आत बसले.

मी निघाले. पाच मिनिटं झाली. आरशात दोघं दिसत होते, आजोबा आणि नात, शेजारी शेजारी. सात मिनिटं. तलावाच्या कडेची वळणं सुरू झाली. भिंगरीने जांभई दिली. मी मनात म्हटलं, एक. आणि आप्पांनी जांभई दिली.

जांभई संसर्गाने येते, म्हणून मी आधी हसले. मग तिने दुसरी दिली, त्यांनीही दिली. तिने आवंढा गिळला. त्यांनीही गिळला. दोघांच्याही वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, दोघांचेही चेहरे धुऊन धुऊन रंग उतरलेल्या कापडासारखे पांढुरके, आणि दोघंही नेमकं समोरच्या सीटच्या पाठीकडे टक लावून बसलेले. मी रस्ता बघू की आरसा, असं झालं.

"अगं," आप्पा अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाजूला घे."

मी गाडी कडेला घेतली. ते दार उघडून उतरले, चार ढांगांत एका दगडाच्या आडोशाला गेले आणि त्यांनी सकाळचा चहा, नाश्ता सगळं तिथेच ठेवलं. भिंगरी खिडकीतून मान लांब करून मोठ्या रसाने बघत होती. "आजोबा ओ," तिने जाहीर केलं. रडायचं विसरूनच गेली.

मी पाण्याची बाटली दिली. ते चूळ भरून दगडावर बसले. मी तिला सोडवून खाली ठेवलं. मग मीच विचारलं.

"आप्पा, तुम्हाला गाडी लागते?"

त्यांनी मान डोलावली.

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"अहो, पण तुम्ही बत्तीस वर्षं..."

"चालवताना नाही लागत. हातात चाक असलं की वळण यायच्या आधी हाताला कळतं, पोटाला नंतर. मागे बसलं की पोटालाच आधी कळतं." त्यांनी भिंगरीकडे बघितलं. ती दगडाच्या पलीकडे नक्की काय झालंय ते तपासायला निघाली होती, मी तिला धरून ठेवलं. "हिला समोर सीटची पाठच दिसते ना? तसंच. पुस्तक दिलं तर आणखी लवकर. पंधरा मिनिटं म्हणालीस ना त्या दिवशी? मी ऐकलं होतं."

"तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"

"संशय आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. "बोललो असतो तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं माहीत. नोकरीला लागलो तेव्हा आमच्या तुकडीत एक जण होता. त्याने सांगितलं होतं की मला गाडी लागते. त्याला निवृत्त होईपर्यंत सगळे ओकाऱ्या म्हणत होते. त्याचं खरं नाव मलासुद्धा आठवत नाही. मी गप्प राहिलो. लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात. एक चालवतो, दुसरा मागे झोपतो. ती ड्यूटी मिळत असताना मी नाही म्हटलं. लोकांना वाटलं, याला घरची ओढ आहे."

"आणि घरच्यांना वाटलं, तुम्हाला घरच्यांबरोबर कुठे जायचंच नसतं."

हे माझ्या तोंडून जरा जास्तच सरळ निघालं.

"ताईकडे सुद्धा याच्यामुळेच?"

"रेल्वेत नाही लागत. पण पुढे पाच तास डोंगरातली बस आहे. तिच्या दारात असा पोचणार?" त्यांनी स्वतःच्या शर्टाकडे हात केला. "पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी बघू. मग इतकी वर्षं गेली की कारण सांगायचीच लाज वाटायला लागली. कारण एवढं, आणि वर्षं एवढी."

घर तिथून तेरा मिनिटांवर होतं. डोळा उघडेपर्यंत आम्ही त्या दगडापाशीच बसलो आणि मग त्यांनीच गाडी चालवली. दारात येता येता म्हणाले, "माईला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुम्हीच सांगा."

माई मटार सोलत बसल्या होत्या. लाल डोळा, पांढरा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि आप्पांनी, बहुधा डोळा झोंबत होता म्हणून, किंवा एकदा तोंड उघडलेलं होतं म्हणून, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. माई ऐकत होत्या आणि सोलत होत्या. सांगून संपलं तरी सोलत होत्या. सालं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात पडत होते, हे मला दिसत होतं, पण बोलायची छाती झाली नाही.

"म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला..." त्या अखेर म्हणाल्या.

"जीपमध्ये मागे बसून चार तास जायचं होतं."

"आणि समुद्रावर?"

"मिनीबस."

"आणि मी चाळीस वर्षं समजत होते की तुम्हाला माझ्या माहेरची माणसं आवडत नाहीत. मी त्यांच्याशी तुमच्या बाजूने भांडले. मग मनातल्या मनात तुमच्याशी भांडले." त्यांचा आवाज चढला. "अहो, सांगितलं असतं तर पिशवी नसती का दिली हातात!"

आप्पा खाली बसले आणि कचऱ्यातले दाणे निवडून परत भांड्यात टाकायला लागले. माई त्यांच्या बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांना अचानक हसू फुटलं, आणि ते आवरेना. "जन्मभर फलाटाला गाडी लावली," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि गाडी लावणाऱ्यालाच गाडी लागते!"

त्या हसल्या म्हणून सगळं मिटलं असं नाही. पुढचे चार दिवस त्या मध्येच काम थांबवून एखादं लग्न, एखादं बारसं आठवायच्या आणि आतल्या खोलीत जाऊन विचारायच्या, "तेव्हासुद्धा?" आतून "हो" यायचं. एकदा "नाही" आलं. "तो तुझा मामेभाऊ मला खरंच आवडत नाही."

फ्रीजवरचा कागद नवऱ्याने स्वतःच काढला. मला वाटलं होतं, त्याला वाईट वाटेल. पण लिफ्टवाल्याला बिघाडाचं कारण सापडलं की दुसरं काही नको असतं. त्याने आप्पांना समोर बसवून अर्धा तास प्रश्न विचारले. पोटात आधी काय होतं? घाम कधी येतो? रिकाम्या पोटी जास्त की भरल्या? काच उघडी असली तर किती फरक? आप्पा पहिल्यांदा लाजत होते. मग त्यांना रंग चढला. सहा दशकं एकट्याने जमवलेलं ज्ञान होतं ते, आणि ऐकायला कधी कुणी नव्हतं. पोट तुडुंब नको, रिकामंही नको. नुसत्या दुधावर निघू नये. अत्तर लावलेला माणूस शेजारी नको. पुस्तक नको, मोबाइल नको. समोरचा रस्ता दिसला पाहिजे. आणि तिसऱ्या जांभईला थांबायचं, पुढच्या सावलीची वाट बघायची नाही.

आम्ही बेबी सीट मागच्या बाकाच्या मधोमध बसवली. सीटच्या पुस्तकात तशी परवानगी आहे का, हे मी आधी वाचून घेतलं. तिथून पुढची काच दिसते. पहिल्या सकाळी तलावाच्या रस्त्यावर तिने एकतीस मिनिटं काढली. निघायच्या आदल्या आठवड्यात, मध्ये एकदा उतरून, पूर्ण वळसा. नवा बेत तीन दिवसांचा झाला. घाटात आणि वळणांवर आप्पा चालवणार, सरळ रस्त्यावर आप्पा पुढे बसणार आणि आम्ही आळीपाळीने चालवणार. माई मागे भिंगरीजवळ, मांडीवर पिशव्यांची चळत घेऊन. "एक नातीला, एक नवऱ्याला," असं त्या भेटेल त्याला सांगत होत्या.

ताईला फक्त एवढंच कळवलं की आप्पा येतायत. "गाडीने?" तिने विचारलं. "गाडीने," मी म्हटलं. कारण सांगायचं काम माझं नव्हतं.

प्रवासात भिंगरीने दोनदा उलटी केली आणि आप्पांनी एकदा. रडणं जवळजवळ झालंच नाही. तिला कळलं होतं की जांभई दिली की गाडी थांबते. तिसऱ्या दिवशी ती खोट्या जांभया द्यायला लागली आणि आम्हाला दहा दहा मिनिटांनी उतरवायला लागली, तेव्हा माईंनी खऱ्या-खोट्या जांभईची परीक्षा आप्पांकडे सोपवली. ते आरशात बघून निकाल द्यायचे. "नाटक." "नाटक." "ही खरी आहे, थांबव."

पण त्या थांब्यांमुळे आम्ही जिथे कुणी थांबत नाही तिथे थांबलो. एका विहिरीपाशी, बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी, टेलिफोनच्या जुन्या खांबांच्या ढिगापाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लांबलचक पुलाच्या टोकाला थांबलो. आप्पांनी त्या पुलावरून अकरा वर्षं रोज दोनदा बस नेली होती. भिंगरीला पाणी हवं होतं, म्हणून ते तिला धरून पायवाटेने खाली उतरले आणि बराच वेळ वर येईनात. मी बघायला गेले. पुलाच्या पोटाला चिखलाची शेकडो घरटी चिकटलेली होती, एकाला एक लागून, आणि छोटी काळी पाखरं आत-बाहेर नुसती भिरभिरत होती. वरून ट्रक गेला की पूल थरथरायचा, पण पाखरांना त्याचं काही नव्हतं.

"मी वरून जायचो तेव्हाही असतील का गं ही?" आप्पांनी विचारलं. मान वर करून करून त्यांची टोपी मागे पडली होती.

"काय माहीत."

"वर काहीच कळत नाही," ते म्हणाले. "इकडे किती जण राहतायत."

आम्ही तिथे एक तास थांबलो. नवऱ्याने घड्याळ बघितलं नाही, निदान मला दिसेल असं नाही.

ताईच्या दारात आम्ही तिसऱ्या दिवशी चार वाजता पोचलो. शेवटचा घाट आप्पांनी चालवला होता. ताई फाटकापाशी उभी होती, कामावरचा कोट अंगात. तिने माईंना मिठी मारली, भिंगरीचा गालगुच्चा घेतला आणि मग आप्पांसमोर येऊन थांबली.

"सात वर्षं लागली," ती म्हणाली.

"मला गाडी लागते," आप्पा म्हणाले. तीन दिवस ते मनात जुळवत असणार, पण बाहेर एवढंच आलं.

ताईला वाटलं, ते थट्टा करतायत. तिने आमच्याकडे बघितलं. माईंनी उरलेल्या पिशव्या वर करून दाखवल्या. ताईच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास, मग हसू, आणि मग जे आलं ते हसू नव्हतं.

"हे फोनवर सांगता आलं नसतं?"

"नाही आलं."

"मला वाटायचं, मी इकडे आले ते तुम्हाला पसंत नाही."

"मी तुझ्या गावाचं तापमान रोज पेपरात बघतो," आप्पा म्हणाले. "ते तूच मोजतेस ना?"

ताईने भिंगरीला कडेवर घेतलं. आत जाऊन तिने चहा केला, सगळ्यांना दिला, आप्पांनाही दिला, पण संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी मोजकंच बोलली. सात वर्षांचा रुसवा एका वाक्यात उतरवायला ती तयार नव्हती, आणि माईंनीही तिला समजवायला जाऊ नकोस म्हणून मला डोळ्यांनी थोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा आप्पांची खाट रिकामी होती. खिडकीतून बघितलं. समोरच्या उतारावर पांढरी लाकडी पेटी होती, जाळीची, चार पायांवर उभी. ताई तिचं दार उघडून आतला तापमापक वाचत होती. आप्पा शेजारी उभे होते, त्यांच्या हातात तिची नोंदवही. भिंगरी त्यांच्या पायाला धरून वर बघत होती.

"एवढ्या झरोक्यांची पेटी कशाला?" आप्पांचा आवाज आला.

"ऊन लागू नये पण हवा खेळावी म्हणून."

"आणि उत्तरेकडेच दार का?"

ताईने त्यांच्याकडे वळून बघितलं. मग ती सांगायला लागली. हातवारे करत, सूर्य कुठून कसा फिरतो ते दाखवत. आप्पांचा पुढचा प्रश्न तयार होता. तो मला ऐकू आला नाही, पण ती हसली आणि तिने पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आकडा लिहिला.